सील शाबूत असल्याची सही

मी डूख धरणारी बाई आहे. हा गुण आईकडून आला आणि माझ्यापाशीच थांबला. माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णाच्या, वाट्याला त्यातला कणही आला नाही. त्याला कुणी तोंडावर चोर म्हटलं तर तो त्या माणसाला जेवून जा म्हणेल. मी म्हणणार नाही. मी वर्षभर थांबेन, कागद गोळा करीन आणि मग त्या माणसाला त्याच जागी, त्याच लोकांसमोर उभं करीन. हे मी एकदा केलं आहे.

अण्णा चामराजपेटेत राहतो, मी बसवनगुडीत. तो शाळेत शास्त्र शिकवायचा. मी एका सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात होते. चौतीस वर्षं भिंगातून आणि मापकातून लोखंडाचे तुकडे बघितले आणि पास-नापासच्या सह्या केल्या. आमच्या खात्याचा एकच नियम होता. माल टेबलावरून हलण्याआधी समोरच्याची सही घ्यायची. मग तो नंतर काहीही म्हणू दे, सही त्याची असते.

अण्णाला नाण्यांचं वेड. इंग्रजी अमदानीतले चांदीचे रुपये, प्रत्येक सालाचा एक, असा त्याचा संच. बंगळुरातले नाणेवाले दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बसवनगुडीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये जमतात. खिडकीजवळचं शेवटचं टेबल अण्णाचं. तिथे तो काही विकत नसे. लोक आपापली नाणी घेऊन यायचे आणि अण्णा सांगायचा, अस्सल की नकली. "स्वल्प थांबा," म्हणायचा, नाणं बोटाच्या टोकावर तोलून नखाने वाजवायचा, काट्यावर ठेवायचा, मग कड फिरवून बघायचा. आवाज, वजन आणि कड. या तिन्हींत नापास झालेलं नाणं कुणाच्या बापाचं असलं तरी तो नकलीच म्हणायचा, तेही इतक्या हळू आवाजात की शेजारच्या टेबलाला ऐकू जाऊ नये.

मग डब्या आल्या. नाणं एखाद्या ग्रेडिंगवाल्याकडे पाठवायचं, तो ते तपासतो, सत्तरपैकी गुण देतो आणि प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत घालून वर छापील चिठ्ठी लावतो. जगभर नाव असलेल्या दोन-तीन संस्था आहेत, त्यांच्याकडे पाठवायचं तर वेळ फार आणि खर्च फार. म्हणून गावोगावी लहान लहान ग्रेडिंगवाले उगवले. डबी तशीच, चिठ्ठी तशीच, चिठ्ठीवरची नक्षी तर मोठ्यांहून झकास. अण्णाला ती डबीच आवडत नसे. डबीतलं नाणं वाजवता येत नाही, त्याचं वजन करता येत नाही, कडही अर्धीमुर्धी झाकलेली. त्याच्या तिन्ही परीक्षा बाद करून त्याच्या हातात एक चिठ्ठी ठेवली होती.

तरी तो फसला. त्याच्या संचात एका सालाचा रुपया नव्हता. त्या सालाचे रुपये फार थोडे पाडले गेले म्हणे, आणि अण्णा ते साल गेली वीस वर्षं शोधत होता. मग एका व्यापाऱ्याकडे तो निघाला, डबीत बसलेला, एकसष्ट गुणांचा. ग्रेडिंग महादेवपुऱ्यातल्या एका नव्या कंपनीचं. अण्णाने तो अर्धा तास उन्हात धरून बघितला. घरी आल्यावर मला म्हणाला, "अक्षरांच्या कडा स्वल्प मऊ वाटतात गं. पण तपासलेलं आहे. मशीन आहे त्यांच्याकडे." वीस वर्षांची भूक माणसाला चिठ्ठी वाचायला लावते.

नाणेवाल्यांचं वार्षिक प्रदर्शन त्याच हॉलमध्ये भरतं; त्या वर्षी तिथे अण्णाने पूर्ण संच मांडला. पहिल्यांदाच पूर्ण. मी त्याच्या खुर्चीमागे उभी होते. दुपारी आमच्या ओळखीचे एक म्हातारे गृहस्थ आले. तेही चामराजपेटेतलेच आणि घराच्या पुढच्या खोलीत एकटेच ग्रेडिंग करतात. साधी डबी, जुनं भिंग. शेरा पेन्सिलीने लिहितात म्हणून सगळे त्यांना पेन्सिलवाले म्हणतात. त्यांनी अण्णाच्या नव्या रुपयाकडे बराच वेळ पाहिलं. मग खिशातून एक रुपया काढून शेजारी ठेवला. तो नकली होता, शिकणाऱ्यांना दाखवायला ते जवळ बाळगतात. दोन्ही रुपयांवर राणीच्या मानेखाली एकच ओरखडा होता, त्याच जागी, त्याच वळणाचा. दोन नाण्यांना हुबेहूब एकच जखम होत नाही. एकाच साच्यातून ओतलेली असली तरच होते.

पेन्सिलवाल्यांनीही हे हळूच केलं असतं तर निभावलं असतं, पण तोवर आठ-दहा माणसं वाकून बघत होती. समोरच महादेवपुऱ्याच्या त्या कंपनीचा स्टॉल होता. मालक उठून आला. चाळिशीच्या आतला, इस्त्रीचा शर्ट, बोलण्यात साखर. त्याने डबी उचलली, उलटसुलट केली आणि हसत सगळ्यांना ऐकू जाईल असं कानडीत म्हणाला, "आमच्याकडून गेलं तेव्हा आत अस्सल नाणं होतं, सर. हल्ली लोक डबी उघडतात, अस्सल काढून घेतात, नकली घालून परत चिकटवतात. मी कुणाचं नाव घेत नाही."

कुणीतरी विचारलं, तुमच्याकडे त्या नाण्याचा फोटो असेल ना? तो म्हणाला, "तेव्हा ठेवत नव्हतो. आता ठेवतो."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. अण्णाचे दोन्ही हात टेबलावर होते, नखं स्वच्छ कापलेले, शाई न लागलेले हात. मी त्या हातांकडे बघितलं. मग मालकाकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा नीट पाठ करून ठेवला.

पुढच्या महिन्याच्या रविवारी अण्णाच्या टेबलाशी कुणी आलं नाही. तोंडावर कुणी काही म्हणालं नाही, सगळे लांबून "सर, कसे आहात" विचारून दुसऱ्या टेबलाकडे वळले. त्याच्या पुढच्या महिन्यात तो गेलाच नाही. कपाटाला कुलूप लावलं. पूर्वी भाजीवाल्याने परत दिलेलं दहाचं नाणंही तो उलटून बघायचा, ते आता न बघता खिशात टाकू लागला. वहिनी मला म्हणाली, "घरात असून नसल्यासारखे झालेत." मला एवढंच हवं होतं की त्या मालकाने ते वाक्य त्याच हॉलमध्ये, सगळ्यांदेखत गिळावं आणि अण्णा त्या टेबलावर परत बसावा. त्यासाठी मी काय वाटेल ते करायला तयार होते, आणि केलंही.

आईची एक माळ माझ्याकडे आहे. राणीछाप रुपयांना वर चांदीची कडी डाखून ओवलेली, एकोणीस रुपयांची. आमच्या घराण्याचे पूर्वज फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले, पण दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला ती माळ पाटावर मांडायची हे काही सुटलं नाही. आदल्या दिवशी चिंच आणि राख लावून एकेक रुपया घासून लख्ख करायचा, मग दूध, मग हळद-कुंकू. माझं आणि अण्णाचं दर दिवाळीला त्यावरून वाजायचं. "नाणं घासायचं नसतं! कातडी सोलतेस त्याची!" तो ओरडायचा. मी म्हणायची, "लक्ष्मीला काळी ठेवू का?" मग जोरजोरात घासायची, त्याला ऐकू जावं म्हणून. घासून झाल्यावर तो माळेतला मधला रुपया हातात घ्यायचा. त्यावर राणीच्या केसांत एक बारीक तिरकी रेघ आहे. अण्णाने लहानपणी कंपासपेटीतल्या कर्कटकाने ओढलेली. त्याबद्दल त्याने आईचा मार खाल्ला होता आणि त्याचं नाणीवेड तिथूनच सुरू झालं.

मी तोच रुपया निवडला. चामराजपेटेतल्या एका चांदीकाम करणाऱ्याकडे माळ घेऊन गेले आणि म्हटलं, याची कडी काढा. त्याने माळ बघितली, मला बघितलं. "अक्का, जुनं काम आहे. कडी निघेल, पण खूण राहणार."

"राहू दे," मी म्हटलं. "झाकायची नाहीच. बघणाऱ्याला दिसली पाहिजे."

कडी निघताना झालेला बारीक आवाज मला अजून आठवतो. आई असती तर तिने मला घरात घेतलं नसतं. मी कडी पुडीत बांधून पर्समध्ये टाकली.

सगळ्यात आधी मी तो रुपया पेन्सिलवाल्यांकडे नेला. खरं तर त्यांच्यावरही माझा राग होता, पण मला दोन मतं हवी होती आणि सगळे लहान ग्रेडिंगवाले एका माळेचे मणी नसतात हेही बघायचं होतं. त्यांनी मला काही विचारलं नाही. नाणं दोन दिवस ठेवून घेतलं आणि परत दिलं ते डबीशिवाय, कागदाच्या पाकिटात. पाकिटावर पेन्सिलीने दोन ओळी: वरच्या कडेला कडी होती, डाखाची खूण आहे. फार वेळा घासलेलं, डबीत घालण्याजोगं नाही. मी विचारलं, पेन्सिलीने का लिहिता? म्हणाले, "उद्या मला जास्त कळलं तर खोडता यायला हवं ना." त्यांच्यावरचा माझा अर्धा राग तिथे गेला. उरलेला अर्धा मी जपून ठेवला.

मग मी महादेवपुऱ्याला गेले. काचेची इमारत, थंडगार हवा, भिंतीवर नाण्यांची माणसाएवढी छायाचित्रं. मालक स्वतः दारातून आत गेला, मला ओळखलं नाही. भावाच्या खुर्चीमागे उभी असलेली साठीची बाई कुणाच्या लक्षात राहते? फॉर्मवर 'इतर माहिती' असा रकाना होता. तो मी कोरा ठेवला. तपासणाऱ्याला आधी उत्तर सांगायचं नसतं.

तीन आठवड्यांनी डबी कुरिअरने घरी आली. आईचा रुपया आत, वर सोनेरी काठाची चिठ्ठी. चौसष्ट गुण. न वापरलेलं. मूळ चमक.

मी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यांदा हसले. मूळ चमक! माझ्या मनगटाची आणि चिंचेची चमक होती ती, चाळीस दिवाळ्यांची. न वापरलेलं म्हणे. आईच्या आणि तिच्या सासूच्या गळ्यात घामाने भिजलेलं नाणं. आणि डाखाची खूण डबीच्या प्लॅस्टिकच्या कुशीत अशी बेमालूम बसली होती की बाहेरून दिसूच नये. चुकून बसली की बसवली, हे मला आजही ठाऊक नाही. मला ते कळून घ्यायचंही नव्हतं. दोन्हींपैकी काहीही असलं तरी त्याला भोगायला लावायचं हे ठरलेलं होतं.

प्रदर्शनाला अजून चार महिने होते. ती डबी मी देवघरात ठेवली. सकाळी दिवा लावताना तिच्याकडे बघायची आणि मनातल्या मनात त्या दिवसाची तालीम करायची. देवासमोर असलं काही मनात आणू नये म्हणतात. मी आणलं. चार महिने रोज आणलं, आणि त्यात मला कधी लाज वाटली नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी मी अण्णाला चल म्हटलं. तो म्हणाला, "बेडा, नको. तू जाऊन ये." मी आग्रह केला नाही. पिशवीत डबी, माळ, पेन्सिलीचं पाकीट, कारखान्यातली माझी जुनी पक्कड आणि एक टाइप केलेला कागद असं सगळं घेऊन मी हॉलमध्ये गेले आणि गर्दी भरेपर्यंत थांबले. मग मालकाच्या स्टॉलवर डबी ठेवली.

"हे तुमचंच काम ना?" मी कानडीत विचारलं.

त्याने चिठ्ठीवरचा नंबर फोनवर टाकला, फोटो काढून जुळवला आणि खूश झाला. "चौसष्ट! मॅडम, अशी चमक बघायला मिळत नाही. विकायचंय का?"

"बघू. आधी एवढं सांगा, सील शाबूत आहे का? नीट बघा, घाई नाही."

त्याने भिंग लावून चारी कडा बघितल्या. शाबूत आहे म्हणाला. मी कागद पुढे केला. त्यावर तीन ओळी होत्या: डबी आमची आहे, सील शाबूत आहे, आतलं नाणं आमच्या नोंदीतल्या फोटोशी जुळतं. "घेणाऱ्याला दाखवायला लागेल," मी म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. त्याने झोकात सही केली. शेजारच्या दोन टेबलवाल्यांना मी साक्षीदार म्हणून सह्या करायला लावल्या. पेन्सिलवाले लांबून बघत होते, तेही जवळ आले.

कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि पक्कड काढली. पहिल्या दाबालाच प्लॅस्टिक कडाडलं आणि हॉलमधले सगळे वळले. डबीवाले लोक त्या आवाजाला फार भितात. मालक "अय्यो मॅडम" करत पुढे झाला, तोवर रुपया माझ्या तळहातावर होता. मी तो वरची कड समोर येईल असा धरला आणि त्याच्याशेजारी आईची माळ पसरली. अठरा रुपये कडीसकट, मधे एक जागा मोकळी. त्या जागेत तो ठेवला. मग पेन्सिलीचं पाकीट वाचून दाखवलं, सावकाश, तारखेसकट.

मालकाचा चेहरा उतरला. तोंड उघडलं त्याने. "डबीतलं कुणीतरी..." एवढं म्हणाला आणि थांबला, कारण मी नुसता ब्लाउजकडे हात नेला होता.

"मागच्या वर्षी माझ्या भावाला इथेच उभे राहून काय म्हणालात?" मी विचारलं. "इन्नोम्मे हेळी. परत एकदा म्हणा, सगळ्यांना ऐकू दे."

मी तशीच उभी राहिले. नाक दाबलं की तोंड उघडतं, फक्त दाबून धरायला दम लागतो. शेवटी तो म्हणाला, चूक झाली, अण्णांनी नाणं बदललं असं म्हणायला नको होतं, ते नाणं आमच्याचकडून नकली गेलं असणार. आवाज लहान होता. मी मोठ्याने म्हणायला लावलं. मग आणखी एकदा, मागच्या टेबलांसाठी. तिसऱ्यांदाही लावणार होते, पण पेन्सिलवाले हळूच म्हणाले, "अक्का, साकु." पुरे म्हणजे. मला पुरे झालं नव्हतं, तरी थांबले. दुपारच्या आत त्याने स्टॉल आवरला.

रिक्षाने सरळ चामराजपेट गाठलं. अण्णा कॉटवर पेपर वाचत बसला होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, मालकाचा पडलेला चेहरा, त्याचा लहान झालेला आवाज, सगळं नक्कल करून. कागद त्याच्या मांडीवर ठेवला आणि रुपया हातात दिला. म्हटलं, आता येत्या पहिल्या रविवारी टेबलावर बसायचं.

त्याने कागदाकडे बघितलंच नाही. अंगठा रुपयावरून फिरवला, केसांतल्या रेघेवर थांबला, मग वरच्या कडेवर गेला.

"आईची माळ तोडलीस?"

"एकच कडी काढली. आहे माझ्याकडे." मी पर्समधून पुडी काढून दिली.

त्याने ती उघडली, कडी रुपयावर होती तशी धरून बघितली, आणि म्हणाला, "इतकं कशाला केलंस गं? तो माणूस परका. तो काय वाटेल ते बोलेल. त्याचं मला काही लागलं नव्हतं."

"मग वर्षभर तोंड लपवून का बसलास?"

वर्गात मुलाला चूक दाखवताना वापरायचा त्या आवाजात, अजिबात न रागावता तो म्हणाला, "तो बोलला तेव्हा सगळे नाण्याकडे बघत होते. तू माझ्या हातांकडे बघितलंस. चौतीस वर्षं तपासणी खात्यात होतीस. मला वाटलं, हिला काहीतरी दिसलं असणार."

मी नाही म्हणू शकले असते. त्या कागदावर माझी सही नव्हती. पण मी बघितलं होतं. एक क्षण, फार तर दोन, मनात आलं होतं की वीस वर्षांची भूक आहे, माणूस करूही शकतो.

"हो," मी म्हटलं. "बघितलं होतं."

"सरी, ठीक आहे," तो म्हणाला. रुपया आणि कडी परत पुडीत बांधून त्याने माझ्या हातात दिली. "आधी ही कडी लावून आण. मग बघू टेबलाचं."